तीस सार्जंट चेरी

"सुतळी कापू नकोस, सोड," काकू म्हणाल्या. "पुढच्या हिवाळ्यात लागेल."

मी मिनेसोटातल्या एका अंगणात ओल्या मातीत गुडघे टेकून बसलो होतो. एप्रिलचा दुसरा आठवडा, त्र्याऐंशी साल. कुंपणाच्या सावलीत अजून वीतभर बर्फ होता. माझ्यासमोर पोटरीएवढं जाड खोड, त्याला गोणपाट गुंडाळलेलं, वर सुतळीचे वेढे. बोटं गारठल्यामुळे गाठ काही सुटत नव्हती. शेवटी काकूंनीच वाकून दोन झटक्यांत ती सोडली आणि गोणपाट उलगडून खांद्यावर टाकलं. तांदळाच्या पिशव्या उसवून त्यांनी त्या पट्ट्या शिवल्या होत्या.

"आता साल बघ. चीर दिसते कुठे?"

"नाही."

"नैऋत्येकडून बघ. चिरली तर तिकडूनच चिरते. दुपारच्या उन्हाने त्या बाजूची साल तापते, झाडाला वाटतं उन्हाळा आला. मग सूर्य बुडला की एकदम उणे पंचवीस. काच तडकावी तशी तडकते. माझी पहिली सार्जंट अशीच गेली. दुसरीला मुद्दाम गुंडाळलं नाही, म्हटलं खात्री करून घेऊ. तीही गेली."

कुमुदिनी चांदोरकर मूळच्या रोह्याच्या. नवरा पिठाच्या गिरण्यांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर. त्याच्याबरोबर त्या सदुसष्ट साली इथे आल्या. मूलबाळ नव्हतं. पहिल्याच वर्षी बँकेच्या कॅलेंडरवर चेरीच्या फुलांचं चित्र पाहून त्यांनी नर्सरीतून एक रोप आणलं. क्वान्झान जातीचं, दाट पाकळ्यांचं, गुलाबी. ते पहिल्याच हिवाळ्यात मेलं. दुसरी कुणी असती तर पुढच्या वर्षी ट्युलिप लावून मोकळी झाली असती. काकूंनी मात्र वही घातली.

मी तिथल्या विद्यापीठात उद्यानविद्येचा विद्यार्थी होतो. दापोलीला पदवी घेतलेला, आंबा-काजूत वाढलेला, आणि प्रबंधाचा विषय मिळाला होता थंड प्रदेशातल्या बागांसाठी शोभेच्या चेरी. पाच जातींची तुलना करायची, कुठली किती थंडी सोसते ते सांगायचं. पहिल्या गणपतीला मराठी मंडळींत ओळख झाली तेव्हा विषय ऐकून चांदोरकर काका हसत म्हणाले, "मग तुम्ही आमच्या घरीच या. घरात त्याशिवाय दुसरा विषय नाही."

मी गेलो, आणि जातच राहिलो. रविवारी जेवायला बोलावत. जेवणानंतर काकू पायात बूट चढवून, साडी जराशी वर खोचून मला अंगणात नेत. क्वान्झान दिसायला सगळ्यांत देखणी, पण बर्फाच्या वर जेवढी राहील तेवढी मरायची. अॅकोलेड जगायची, पण तिच्या कळ्या एका वर्षाआड जळायच्या. नानकिंग कशालाच दाद द्यायची नाही, पण ते कमरेएवढं झुडूप. "त्याच्याखाली खुर्ची टाकून बसता येत नाही," असं काकू म्हणत. उरल्या दोन. अमूर, जिची साल तांब्यासारखी चमके आणि जिला पांढऱ्या फुलांचे झुपके येत. आणि सार्जंट. पानं फुटायच्या आधी झाड गुलाबी, हिवाळ्याच्या तोंडावर तीच पानं लालभडक.

"अमूरला काही विचारावं लागत नाही," काकू म्हणायच्या. "सार्जंटला दर हिवाळ्यात विचारावं लागतं. पण विचारलं की ती उत्तर देते."

विद्यापीठाच्या शेतावर माझी स्वतःची चाळीस झाडं होती. दर जातीची आठ. त्यांना थंडीपासून कसलंही संरक्षण द्यायचं नाही, दर आठवड्याला जाऊन नोंद घ्यायची, अशी अट होती. शेत शहराबाहेर, बसने पाऊण तास आणि पुढे चालत पंधरा मिनिटं. त्याच साली डिसेंबरात थंडीची मोठी लाट आली. एक आठवडा मी गेलो नाही. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, दोन्हीची नोंद एकदम करू. असे दहा आठवडे गेले. खोलीत हीटरला पाठ लावून मी वाचत बसायचो आणि रोज ठरवायचो की उद्या.

मार्चात गेलो तेव्हा बर्फाखालून उंदरांनी खोडं सगळीकडून सोलून टाकली होती. उंदरांसाठी तळाशी जाळी लावायचं काम माझं होतं, तेही राहिलं होतं. चाळीसपैकी एकतीस झाडं मेलेली होती, आणि ती थंडीने मेली की उंदरांनी, हे आता कुणालाही सांगता येणार नव्हतं.

लिंडग्रेन सर माझे मार्गदर्शक. उंच, मितभाषी माणूस. मी त्यांना उंदरांचं सांगितलं. दहा आठवड्यांचं सांगितलं नाही.

"दुसरीकडे कुठे या जाती आहेत का?" त्यांनी विचारलं. "कुणाकडे नोंदी असतील तर प्रबंध वाचेल. नाहीतर आणखी दोन हिवाळे."

आणखी दोन हिवाळे म्हणजे शिष्यवृत्ती संपलेली. मी म्हटलं, "एक अंगण आहे. तिथे मी बघत आलोय."

काकूंनी सगळ्या वह्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवल्या. मराठीत, निळ्या शाईत, सोळा वर्षांच्या. तीन रविवार त्या वाचून दाखवत होत्या आणि मी उतरवून घेत होतो. किमान तापमान, कुठल्या तारखेला कळ्या, किती फांद्या जळाल्या, किती फूल. मधेच काका चहा आणून देत. तिसऱ्या रविवारी शेवटची वही मिटून काकू म्हणाल्या, "आपल्या झाडांचं इंग्रजीत छापून येणार म्हणजे गंमतच आहे."

मे महिन्यात प्रबंधाचं जाहीर सादरीकरण होतं. काकूंनी आपणहून विचारलं, "आम्ही आलो तर चालेल ना?"

"चालेल, पण सगळं इंग्रजीत असतं काकू. कंटाळाल."

"बघू."

त्या आल्या. मोरपंखी रेशमी साडी, वर स्वेटर, केसांत काहीतरी पांढरं फूल खोवलेलं. काकांबरोबर तिसऱ्या रांगेत बसल्या. सभागृहात तीसेक माणसं असतील. मी अंगणाची चित्रं पडद्यावर दाखवली. त्यात वसंतातली झाडं होती, फुलांनी भरलेली. हिवाळ्यातलं एकही चित्र मी घेतलं नव्हतं. शेवटी मी निष्कर्ष वाचला. काटकपणात सार्जंट अमूरच्या बरोबरीची आहे आणि रूपाने तिच्यापेक्षा सरस, म्हणून थंड प्रदेशातल्या सार्वजनिक बागांसाठी सार्जंटची शिफारस करण्यात येते.

लिंडग्रेन सरांनी हात वर केला.

"सार्जंटचे आकडे मला जरा जास्तच चांगले वाटतात. या दुसऱ्या जागेवर खोडांना हिवाळ्यात काही संरक्षण होतं का?"

मी प्रबंधात लिहिलं होतं की संरक्षण नव्हतं. एकच वाक्य होतं ते, पद्धतीच्या प्रकरणात, बाविसाव्या पानावर. गुंडाळलं होतं असं लिहिलं असतं, तर सार्जंटची सगळी नोंद बाद झाली असती आणि दोन हिवाळे पुढ्यात उभे राहिले असते. लिहिताना मला वाटलं होतं की हे वाक्य कुणी वाचणार नाही.

"नाही सर," मी म्हटलं. "कसलंही संरक्षण नव्हतं."

"नोंदी कुणी घेतल्या?"

"मी. जुन्या काही घरच्या लोकांनी."

मी तिसऱ्या रांगेकडे बघायचं टाळलं. पण माणसाची नजर नको तिथेच जाते. काकूंनी मान वर केली होती. क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पर्स उघडून त्या तिच्यात काहीतरी शोधू लागल्या, आणि सादरीकरण संपेपर्यंत शोधत राहिल्या.

बाहेर कॉफी होती. विभागातल्या एका बाईंनी काकूंना विचारलं, "तुम्ही याच्या आई का?"

"नाही," काकू स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या. "ओळखीचे आहोत."

काकांनी मला गाडीतून खोलीवर सोडलं. मी उतरताना काकूंनी काच खाली केली.

"मुकुंद, सरांनी विचारलं तेव्हा तुला नीट ऐकू आलं नसेल."

त्यांनी मला वाट काढून दिली होती. मी ती घेतली. "हो काकू. घाबरलो होतो."

"मग उद्या सांगून टाक त्यांना."

"सांगतो."

मला पदवी मिळाली आणि विद्यापीठातच साहाय्यकाची नोकरीही. मी काही सांगितलं नाही. रविवारी जायचं हळूहळू कमी केलं. आधी परीक्षेचे पेपर तपासायचे होते, मग सर्दी झाली, मग नवीन घर शोधायचं होतं.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी शहरापासून वीस मैलांवरच्या एका वृद्धाश्रमाने विद्यापीठाकडे विचारणा केली. मागच्या अंगणात, जेवणघराच्या खिडक्यांसमोर, त्यांना चेरीची झाडं लावायची होती. देणगी मिळाली होती. तिथल्या मंडळींनी मत देऊन चेरी ठरवली होती. कुठली जात टिकेल? लिंडग्रेन सरांनी माझ्या प्रबंधाचा शेवटचा परिच्छेद पाठवून दिला. सप्टेंबरात तीस सार्जंट लावल्या गेल्या. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मी हातात फावडं घेऊन उभा होतो.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला.

"पेपर पाहिला. छान आलायस."

"थँक्यू काकू."

"त्यांना गुंडाळायचं सांगितलंस ना? सरांशी बोललास ना तू?"

"हो," मी म्हटलं. "बोललो."

"बरं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "बरं." आणि फोन ठेवला.

तो हिवाळा साधाच होता. विक्रमी थंडी नव्हती, पण फेब्रुवारीत आठवडाभर लख्ख ऊन पडलं आणि रात्री उणे अठ्ठावीस. मी ते तापमान वर्तमानपत्रात वाचत होतो. वाचून पान उलटत होतो.

मेच्या अखेरीस वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिका मिसेस हॉव्हर्सन यांचा विभागात फोन आला. काही झाडं फुटलीच नाहीत, जरा बघून जाल का? लिंडग्रेन सर म्हणाले, मीही येतो.

शुक्रवारची दुपार होती. अंगणात झाडं तीन रांगांत लावली होती. खिडक्यांच्या बाजूची अठरा झाडं पोपटी पानांनी भरलेली होती, काहींवर शेवटची चार-दोन फुलंही होती. पलीकडची बारा झाडं काळी काटकी. मी जवळ गेलो. प्रत्येकाच्या नैऋत्य अंगाला खालपासून वरपर्यंत चीर होती आणि सालीच्या कडा बाहेर वळल्या होत्या. बोट घातलं असतं तर आत गेलं असतं.

"विचित्र आहे," सर म्हणाले. "जात एक, माती एक, वारा एक. मग या अठरांना काही कसं झालं नाही?"

"त्या बाईंनी गुंडाळलेली ना ती," मिसेस हॉव्हर्सन म्हणाल्या.

"कुठल्या बाई?"

"भारतीय बाई. नोव्हेंबरात दोन शनिवार आल्या होत्या, नवऱ्याला घेऊन. गाडीत गोणपाटाच्या पट्ट्या भरून. म्हणाल्या, तुमच्या या मिस्टर म्हापणकरांनी पाठवलंय, सूचनांमध्ये हे लिहायचं राहून गेलं म्हणून. दिवसभर गुडघ्यांवर बसून गुंडाळत होत्या बिचाऱ्या. अठरांपुरतंच कापड जमलं होतं. ओळखीच्यांकडून आणखी पिशव्या गोळा करून तिसऱ्या शनिवारी येते म्हणाल्या, पण त्या आठवड्यात वादळ आलं आणि रस्ते बंद झाले. उरलेल्यांसाठी तुम्ही याल असं मला वाटलं होतं." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्हीच पाठवलं होतं ना त्यांना?"

सर माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हटलं.

परतताना सर गाडीत एवढंच म्हणाले, "प्रबंधात हे नाही. लिहायला हवं होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना वाटलं होतं, मला उशिरा सुचलं.

विद्यापीठात न थांबता मी बस धरून चांदोरकरांकडे गेलो. आठ महिन्यांत गेलो नव्हतो. काकू स्वयंपाकघरात वाल सोलत होत्या. काकांनी दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता वरच्या खोलीत निघून गेले.

"किती गेली?" काकूंनी विचारलं.

"बारा."

त्यांनी वालाचं टरफल बाजूला ठेवलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. न गेलेले दहा आठवडे, जाळी, बाविसाव्या पानावरचं वाक्य, फोनवरचं हो, आणि आत्ताचं हो. सांगताना मला वाटत होतं, त्या आता ओरडतील, निदान रडतील. मग माझं काहीतरी हलकं होईल.

"मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "हॉलमध्ये."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुझी पदवी गेली असती. म्हटलं, पोरगा लांबून आलाय, करेल दुरुस्त. मग फोनवर तुझं हो ऐकलं आणि कळलं, केलं नाहीस; तेव्हा म्हटलं, आपण गुपचूप गुंडाळून येऊ, कुणाला कळायला नको." त्या सोललेल्या दाण्यांकडे बघत होत्या. "एक फोन केला असता त्या बाईंना, की सगळ्या झाडांना गुंडाळा, तर त्यांनी माणसं लावून एका दिवसात केलं असतं. मी तो केला नाही. कारण मग त्यांनी खात्री करायला विद्यापीठात विचारलं असतं. तुझी लाज राखायला गेले आणि बारा झाडं घालवली. चूक माझीही झाली, मुकुंद. मला हिवाळाभर झोप नव्हती."

"काकू, तुमची कसली चूक."

"ते तू ठरवू नकोस," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

मी म्हटलं, "सोमवारी सकाळी सरांना सांगतो. या वेळी खरंच."

"सांग. पण त्याआधी ज्यांची झाडं गेली त्यांना सांग. रविवारी दुपारी सगळे जेवायला एकत्र असतात. आपण जाऊ."

सोमवारी मी सरांकडे गेलो, ते आधी सांगून टाकतो. त्यांनी प्रबंधाचं बाविसावं पान उघडलं. मग म्हणाले, "एक वाक्य होतं." पदवी काढून घेतली नाही, पण ग्रंथालयातल्या प्रतीच्या पहिल्या पानावर दुरुस्तीचा कागद चिकटवला गेला. त्यात निष्कर्ष मागे घेतल्याचं आणि सगळ्या नोंदी कुमुदिनी चांदोरकर यांच्या असल्याचं लिहिलं आहे. माझी नोकरी वर्षाअखेरीला संपली, ती पुढे वाढवली गेली नाही. नंतरची सव्वीस वर्षं मी नर्सरीत झाडं विकली. हे सगळं मला बोचत नाही. बोचतो तो रविवार.

काका गाडी चालवत होते. काकू पुढे, मी मागे. जेवणघरात पन्नासेक म्हातारी माणसं होती. काही चाकाच्या खुर्च्यांत, काहींच्या गळ्यात रुमाल बांधलेले. जेवण संपत आलं होतं आणि ताटलीत सफरचंदाची गोड वडी वाढली जात होती. मोठ्या खिडक्यांतून तिन्ही रांगा दिसत होत्या. मिसेस हॉव्हर्सननी टाळी वाजवून सांगितलं की विद्यापीठातल्या या गृहस्थांना काही बोलायचं आहे. काकू दाराशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. काका बाहेर गाडीतच बसले होते.

मी वाक्यं घोकून आलो होतो. ती मी खालच्या आवाजात, भराभर म्हटली. झाडांना हिवाळ्यात गुंडाळावं लागतं हे मला माहीत होतं. मी ते लपवलं. म्हणून बारा झाडं मेली. मला क्षमा करा.

चमच्यांचे आवाज येत राहिले.

"मोठ्याने बोल, बाबा," मागच्या टेबलावरून एक म्हातारा म्हणाला. "इकडे काही ऐकू येत नाही."

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. माझा आवाज त्या खोलीत विचित्र वाटत होता. त्या म्हाताऱ्याने कानातलं यंत्र चाचपलं आणि शेजारणीला विचारलं, "काय म्हणतोय?"

"म्हणतोय, तो खोटं बोलला," शेजारीण त्याच्या कानाशी ओरडून म्हणाली.

"कशाबद्दल?"

"झाडांबद्दल."

आता सगळ्यांनी चमचे खाली ठेवले होते. पुढच्या टेबलावर एक बारीक चणीची बाई बसली होती. तिचं नाव बर्निस, हे मला नंतर कळलं. चेरी लावायची सूचना तिचीच होती. तिने खिडकीबाहेर त्या काळ्या काटक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे आमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "आम्ही बर्फ पडेपर्यंत पाळी लावून पाणी घालत होतो. मला वाटलं, जास्त झालं असेल."

"नाही," मी म्हटलं. "तुमचं काही चुकलं नाही."

"मग त्या जागी आता काय लावणार?"

"अमूर चेरी. ती गुंडाळावी लागत नाही. मी स्वतः येऊन लावीन."

"ती चांगली फुलायला किती वर्षं लागतात?"

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही. उत्तर मलाच द्यायचं होतं, आणि खरं द्यायचं होतं.

"चार," मी म्हटलं. "कदाचित पाच."

बर्निसने मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. ते तिच्या ओठांवरून दिसत होतं. मग तिने ताटली स्वतःकडे ओढली, चमचा उचलला आणि अगदी शांतपणे, मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "चार काही फार नाहीत."